घरातली धूळ घराबाहेर : मध्यवर्ती धूळशोषक निवडताना
(महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टच्या या व्याख्यानमालेत आजवर इतिहास, संगीत, आहार असे भारदस्त विषय होऊन गेले. त्यानंतर आम्ही उठून केराविषयी बोलावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटले असेल. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्ही "मध्यवर्ती धूळशोषक" असे सांगितले. पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. मग ते हळूच म्हणाले, "चालेल, पण आपल्या लोकांना त्याचा उपयोग काय?"

उपयोग आहे. या सभागृहात बसलेल्यांपैकी पुष्कळांची मुले, सुना, मुली, जावई आज कॅनडात, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात घरे घेत आहेत. घराचा नकाशा फोनवर येतो, आणि त्याखाली प्रश्न येतो : "बाबा, हे घ्यावे का?" आम्हांलाही एकदा असा प्रश्न आला होता. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर दिले आणि ते चुकले. त्या चुकीची किंमत आमच्या पाच वर्षांच्या नातवाने मोजली. तुमच्यावर ती पाळी येऊ नये, एवढ्यासाठीच आज आम्ही उभे आहोत.

प्रथम थोडे मागे जाऊ. आमचे बालपण दांडिया बाजारातल्या जुन्या घरात गेले. रस्त्याची धूळ, चुलीची राख, माळ्यावरची माती यांना त्या घरात मुक्तद्वार होते. आई रोज सकाळी केरसुणी घेई, पदर नाकाला बांधी आणि माजघरापासून ओसरीपर्यंत केर काढी. उन्हाची तिरीप खिडकीतून आत आली की तिच्यात धुळीचे कण नाचताना दिसत. आम्हां मुलांना त्यात मोठी गंमत वाटे. केर काढून झाला की आई ओसरीच्या खांबाला टेकून बसे आणि दम खाई. तिला दमा होता. केर काढल्याशिवाय घराला घरपण नाही आणि केर काढला की श्वास नाही, अशी तिची आयुष्यभर ओढाताण झाली. दर लक्ष्मीपूजनाला ती नव्या केरसुणीला हळदकुंकू वाही. त्या केरसुणीने तिला काय दिले आणि तिच्याकडून काय घेतले, याचा हिशेब आम्ही कोणीच मांडला नाही.

केरसुणीची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. पण ती जाड केर पुढे ढकलते आणि बारीक धूळ वर उडवते. उडालेली धूळ घटकाभराने पुन्हा खाली बसते. धूळ हलवणे आणि धूळ घालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आजच्या भाषणातले पहिले वाक्य समजा.

हाच फरक १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याच्या ध्यानात आला. हवेच्या झोताने धूळ फुंकून उडवणारे एक यंत्र त्याने पाहिले आणि त्याच्या मनात आले, की फुंकण्याऐवजी ओढून का घेऊ नये? त्याने बांधलेले यंत्र एवढे अवजड होते की ते घोडागाडीवर घालून रस्त्यात उभे करीत आणि लांब नळ्या खिडकीतून घरात सोडीत. त्याच सुमारास अमेरिकेत नळकामाच्या धंद्यातून पुढे आलेल्या डेव्हिड केनी नावाच्या गृहस्थाने दुसरी युक्ती केली. यंत्र इमारतीत एका जागी कायमचे बसवायचे आणि भिंतींतून नळ्या फिरवायच्या. १९०२ साली पिट्सबर्गच्या फ्रिक बिल्डिंगमध्ये अशी योजना बसली. म्हणजे मध्यवर्ती धूळशोषक हे काही कालपरवाचे खूळ नव्हे. हाताने ओढायच्या विजेच्या यंत्राआधीच ते जन्माला आले.

हातयंत्राचा जनकही ऐकण्यासारखा आहे. ओहायो प्रांतातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाचा एक झाडलोट करणारा माणूस होता. त्याला दमा होता. गालिचे झाडताना उडणारी धूळ सोसवेना, म्हणून त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एक यंत्र तयार केले आणि १९०८ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे ते पेटंट हूव्हर या व्यापाऱ्याकडे गेले आणि जगभर त्याचेच नाव झाले. आम्हांला मात्र स्पँग्लरच जवळचा वाटतो. जे यंत्र आज सुखवस्तूंच्या घरातली चैन समजले जाते, त्याची पहिली गरज झाडलोट करणाऱ्या एका दमेकऱ्याच्या छातीला भासली होती.

आता योजना म्हणजे काय ते सांगतो. आमचा जन्म पाणीपुरवठा खात्यात गेला, म्हणून त्याच भाषेत सांगतो. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत बांधलेल्या आजव्याच्या तलावातून पाणी निघते आणि मोठ्या नळातून लहान नळांत होत घरोघर पोहोचते. मध्यवर्ती धूळशोषकाचा व्यवहार याच्या नेमका उलट. खोल्याखोल्यांतून धूळ निघते आणि भिंतीतल्या नळ्यांतून एका डब्यात येऊन पडते. हा डबा आणि त्यावरची मोटर तळघरात किंवा मोटारीच्या खोलीत बसवलेली असते. नळ्या पीव्हीसीच्या, बाहेरून दोन इंच व्यासाच्या. भिंतीत ठिकठिकाणी झाकणाची तोंडे असतात. झाकण उघडून तीस फुटांचा लवचीक होज अडकवला की मोटर सुरू होते. कारण नळीबरोबर कमी दाबाच्या विजेची एक बारीक तार फिरवलेली असते. आवाज बराचसा तळघरात राहतो, आणि पाठीमागून सुटणारी हवा, जिच्यात अतिसूक्ष्म धूळ असते, ती घराबाहेर सोडता येते. हातयंत्र कितीही चांगले असले तरी त्याची हवा त्याच खोलीत सुटते. फार तर ती उत्तम गाळणीतून सुटते, एवढेच.

आमची हकीकत आता सांगतो. २०१८ साली चिरंजीवांनी टोरांटोच्या पश्चिमेला मिल्टन गावी घर नोंदवले. तिकडे पुष्कळ घरे लाकडी चौकटीची असतात. चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकले की भिंत झाली. पत्रे ठोकण्याआधी बांधणारा विचारतो, की नळ्या घालून ठेवू का? याला तिकडे "रफ-इन" म्हणतात. म्हणजे नळ्या, तारा आणि तोंडे बांधणाऱ्याने घालायची. मोटर मालकाने सवडीने आणायची. चिरंजीवांच्या घराच्या किमतीत तीन तोंडे धरलेली होती : तळघरात एक, मधल्या मजल्यावर एक आणि वर जिन्याच्या माथ्याशी एक. वरच्या मागल्या खोलीत चौथे हवे असल्यास जादा पैसे. ती खोली नातवाची ठरली होती. नातवाला दमा आहे. पणजीचा वारसा त्याच्याकडे सात समुद्र ओलांडून गेला, असे आमची मंडळी म्हणते.

नकाशा फोनवर आला. आम्ही चष्मा लावला, फूटपट्टी घेतली आणि जिन्याच्या माथ्यापासून त्या खोलीच्या दूरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. माप आले सत्तावीस फूट. होज तीस फुटांचा. आम्ही कळवले, "पुरतो. चौथ्या तोंडावर पैसे घालवू नका." आयुष्यभर नळ टाकलेल्या बापाचा शब्द, मुलाने तो प्रमाण मानला.

हिवाळ्यात आम्ही उभयतां तिकडे गेलो. पहिल्याच रविवारी सूनबाईंनी होज लावला आणि मागल्या खोलीकडे नेला. तो दारापाशीच थबकला. आम्ही जिन्याच्या माथ्याशी उभे राहून पाहिले आणि शरमेने मान खाली घातली. आमची रेघ जिन्याच्या पोकळीवरून गेली होती! होजला काही पंख नसतात. त्याला कठड्याला वळसा घालून, बोळातून, दारातून आणि मग पलंगाच्या कडेने जावे लागते. सुतळीने मोजले तेव्हा अंतर एकेचाळीस फूट भरले. बाजारात पस्तीस फुटांचा होज मिळतो. तोही पुरला नसता.

आणि न पोहोचलेला भाग कोणता? पलंग आणि भिंत यांमधली चिंचोळी जागा, म्हणजे मुलाच्या उशापासून हातभर अंतरावर. सगळ्या घरात धूळ साचायला आणि सगळ्यात नाजूक छातीला भिडायला त्याहून सोयीची जागा नाही. त्या खोलीत खालपासून वरपर्यंत गालिचा. तिथे जुने हातयंत्र फिरवावे लागे. त्याची पिशवी झिरपत असे आणि झाडून झाल्यावर खोलीत धुळीचा वास राही.

फेब्रुवारीतल्या एका रात्री मुलाला धाप लागली. बाहेर बर्फ पडत होते. चिरंजीव गाडी काढायला गेले, सूनबाईंनी त्याला घोंगडीत गुंडाळले आणि आम्ही दोघे दिवाणखान्यात देवाचे नाव घेत बसून राहिलो. पहाटे ते परतले. वाफेतून औषध दिले होते. मूल झोपले होते. डॉक्टरांनी दोष धुळीला दिला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सर्दीचे निमित्त झाले, धूळ असल्यास ती भर घालते, एवढेच ते म्हणाले. चिरंजीव आम्हांला एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

त्या उन्हाळ्यात आम्ही चूक निस्तरली. वरच्या खोलीतले कपाट मधल्या मजल्यावरच्या कपाटाच्या बरोबर डोक्यावर होते. तळघरातून नळी उभी वर नेली. ती दोन्ही कपाटांच्या कोपऱ्यांतून गेली, त्यामुळे भिंत फोडावी लागली नाही. एका कारागिराचे एका दिवसाचे काम झाले. परंतु बांधकामाच्या वेळी जे जादा पैसे पडले असते, त्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागले. तुमच्या मुलांच्या तयार घरांत नळी घालायची असल्यास ही कपाटांची वाट आधी शोधा.

या अनुभवातून आम्ही निवडीचा एक क्रम शिकलो. दुकानात गेले की विक्रेता प्रथम यंत्र दाखवतो, मग नळीचे बोलतो, आणि घरात कोण राहते हे विचारायचे राहूनच जाते. हा क्रम उलटा करा. आधी माणूस, मग नळी, शेवटी यंत्र.

आधी माणूस. घरात सर्वांत नाजूक छाती कोणाची? तो माणूस कुठे झोपतो? होज कोण ओढणार, आणि त्याची कंबर कशी आहे? तीस फुटांचा होज चांगलाच बोजड असतो. आमच्या मंडळीला तो एकटीने जिना चढवून नेववेना. अशा घरात प्रत्येक मजल्यावर एक होज टांगून ठेवावा. दुसरी सोय अशी, की होज भिंतीतल्या नळीतच मागे ओढला जातो आणि हवा तेवढा बाहेर काढता येतो. पण तिच्यासाठी नळीची आखणी वेगळी असते आणि वळणे अधिक प्रशस्त लागतात, म्हणून ती सुरुवातीलाच ठरवावी लागते. घर भाड्याचे असेल, लहान असेल किंवा एकमजली असून गालिचे नसतील, तर हा खटाटोप करूच नका. उत्तम गाळणीचे एक हातयंत्र पुरे.

मग नळी. तोंडांचा ठोकळ हिशेब असा, की तीस फुटी होजला साधारण सहाशे ते आठशे चौरस फुटांमागे एक तोंड लागते. पण हिशेबावर विसंबू नका. आमची गत पाहिलीत. होजच्या लांबीची सुतळी घ्या आणि घराचा सांगाडा उभा असताना प्रत्यक्ष जागेवर ती फिरवा. दारे, कठडे, पलंग, सोफा जिथे येणार तिथे खुणा करून, त्यांना वळसा घालून सर्वांत दूरचा कोपरा गाठा. जागेवर जाता येत नसेल तर नकाशावर दोऱ्याने मोजा. फूटपट्टीने कधीही नाही. तोंड दाराआड किंवा अवजड कपाटामागे येऊ देऊ नका.

नळीचे काम पाण्याच्या नळासारखे दिसते, पण ते तसे नाही. पाणी कुठूनही वाट काढते, केसांचा गुंता काढत नाही. म्हणून वळणे प्रशस्त, लांब बाकाची हवीत, आणि जोड प्रवाहाच्या दिशेने कललेले हवेत. नळी कापल्यावर कडेची कूस घासून काढलीच पाहिजे. चिकटवण्याचा लेप नळीच्या बाहेरच्या अंगाला लावावा, जोडाच्या आतल्या अंगाला नाही. आत लावला तर तो पुढे ढकलला जाऊन नळीत कंगोरा तयार होतो आणि त्यावर केस, दोरे, कागद अडकत जातात. आखूड बाक फक्त एकाच ठिकाणी घालावा : तोंडाच्या लगेच मागे. त्यात मोठी युक्ती आहे. जी वस्तू तेवढ्या अरुंद वळणातून जाईल ती पुढे कुठेच अडकणार नाही. जी अडकेल ती तोंडापाशीच, हाताला लागेल अशी अडकेल. नातवाचा लाकडी ठोकळा तिथेच सापडला.

गालिच्याची घरे असतील तर फिरत्या ब्रशाचे, स्वतःची मोटर असलेले डोके लागते. हवेच्या जोरावर फिरणारे डोकेही मिळते. ते स्वस्त असते, पण जाड गालिच्यात त्याचा जीव दमतो. मोटरच्या डोक्याला तोंडापाशी घरगुती दाबाची वीज लागते. ती तार भिंत उघडी असतानाच घालून घ्या. स्वयंपाकघरात ओट्याखाली जमिनीलगत एक फट बसवता येते. झाडूने केर तिच्यापर्यंत आणला आणि पायाने कळ दाबली की केर आत जातो, सुपली लागत नाही. शेवटी, भिंत बंद होण्याआधी एकेक तोंड तपासून हवा कुठे गळते का ते पाहा, आणि उघड्या भिंतींची छायाचित्रे मापपट्टीसकट काढून ठेवा. पुढे कोणी तसबिरीसाठी खिळा ठोकील तेव्हा ती उपयोगी पडतील.

आणि शेवटी यंत्र. येथे आकड्यांचा बाजार असतो. मोटर किती अश्वशक्तीची आणि किती वीज खाते, हे मोठ्या अक्षरांत छापलेले असते; पण वीज खाणे म्हणजे काम करणे नव्हे. दोन आकडे खरे. एक, यंत्र पाणी किती इंच वर ओढते. हा त्याचा जोर. दुसरा, मिनिटाला किती घनफूट हवा वाहते. हा त्याचा ओघ. गंमत अशी, की तोंड पूर्ण बंद असताना जोर सर्वांत जास्त आणि ओघ शून्य. तोंड पूर्ण मोकळे असताना ओघ सर्वांत जास्त आणि जोर जवळजवळ नाही. म्हणून पत्रकातले दोन्ही सर्वोच्च आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. दोहोंचा मेळ दाखवणारा आकडा म्हणजे "एअर वॅट". एकाच क्षणी मोजलेले घनफूट आणि इंच यांचा गुणाकार करून साडेआठाने भागले की तो निघतो. शंभर घनफूट आणि पन्नास इंच असतील तर सुमारे ५८८. घरगुती यंत्रांच्या पत्रकांत ५०० ते ७०० एअर वॅट असे आकडे सर्रास दिसतात. घर मोठे आणि नळ्या लांब असतील तर वरच्या बाजूचे घ्या. लहान घराला उगाच मोठे घेऊ नका.

गाळणीचा विचार मोटरइतकाच महत्त्वाचा आहे. काही यंत्रांत हवा गरगर फिरवून धूळ खाली पाडतात, काहींत कापडी गाळणी असते, काहींत कागदी पिशवी. पिशवीला दर वेळी खर्च येतो, म्हणून बिनपिशवीचे यंत्र स्वस्त वाटते. पण डबा रिकामा करताना जी धूळ उडते ती घरात पुन्हा शिरू शकते. दम्याचा माणूस घरात असेल तर पिशवीचे यंत्र घ्यावे. पिशवी बंद करून टाकता येते. साधारण वर्षातून तीन-चार वेळा हे काम पडते, आणि ते दम्याच्या माणसाने करू नये. मागून निघणारी हवा घराबाहेर सोडण्याची वाट खिडक्यांपासून दूर काढावी. ती बाहेर सोडता येत नसेल तर हेपा गाळणी घ्यावी. अमेरिकन मानकाप्रमाणे ती ०.३ मायक्रॉनचे निदान ९९.९७ टक्के कण अडवते.

काही पथ्येही आहेत. पाणी, गरम राख आणि बांधकामाची भुकटी या यंत्राने कधी ओढू नये. जिप्समची पिठासारखी धूळ गाळणीत बसली की ती बसलीच. आणि तिकडचे यंत्र उचलून इकडे आणण्याचा मोह टाळा. कॅनडा-अमेरिकेची घरगुती वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. आपल्या दाबाची यंत्रे निघतात. पण गावात दुरुस्त करणारा आहे काय, हे विकत घेण्यापूर्वी विचारा.

आता आपल्या बडोद्याचे. परत आल्यावर आम्हांलाही हुरूप आला होता, की आपल्या घरातही नळ्या घालू. पण इथल्या भिंती विटांच्या. भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशाहून खोल उभी खाच घेऊ नये, हा बांधकामाचा नियम आहे. साडेचार इंची भिंतीत दोन इंची नळी बसवायची म्हणजे तो नियम मोडायचा. नवा बंगला बांधताना शाफ्ट किंवा खोटे छत ठेवून नळी नेता येईल. तयार फ्लॅटमध्ये मात्र हा प्रकार नाकापेक्षा मोती जड असाच. शिवाय आपल्या फरशा कोट्याच्या, संगमरवरी किंवा टाइलच्या. त्या ओल्या फडक्याने पुसता येतात, आणि ओल्या फडक्याला चिकटलेली धूळ उडत नाही. अंगण झाडण्याआधी पाणी शिंपडणाऱ्या आपल्या आज्या हे शास्त्र जाणून होत्या.

तेव्हा आम्ही घरी एक गाळणीचे हातयंत्र आणले आणि केर काढायची पद्धत बदलली. गाद्या, पलंगाखालची जागा आणि पडदे यंत्राने. फरशी थेट ओल्या फडक्याने. हे सुरू केल्यावर महिन्याभराने आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, आता संध्याकाळी खोकला कमी येतो." आम्ही चपापलो. नाजूक छाती कोणाची, हे विचारताना आम्ही फक्त आमच्या नात्यातल्या छात्या मोजल्या होत्या. रोज पाच घरांची धूळ एका छातीत जाते, हे आमच्या ध्यानातही आले नव्हते.

तुम्ही विचाराल, नातवाचे पुढे काय झाले? यंत्राने दमा बरा केला, असे सांगितले तर टाळ्या पडतील, पण ते खरे होणार नाही. घरातल्या धुळीतले अतिसूक्ष्म किडे अनेकांच्या दम्याला डिवचतात, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९६४ साली दाखवून दिले. परंतु ते मुख्यतः गादी-उशीत राहतात, आणि नुसते झाडून संपत नाहीत. त्याच्या गादीला घट्ट विणीची खोळ घातली, चादरी साठ अंशांच्या पाण्यात धुवू लागलो, खोलीतला गालिचा काढला, आणि डॉक्टरांचे फवाऱ्याचे औषध एक दिवसही चुकवले नाही. यांपैकी कशाचा किती गुण, हे आम्ही सांगू शकत नाही. तो आता फुटबॉल खेळतो. फवारा खिशात असतो. कपाटातल्या त्या चौथ्या तोंडाला होज लावून तो स्वतःच आपली खोली झाडतो, असे सूनबाई कळवतात.

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवात ही घरगुती कहाणी सांगताना मनात एक विचार येतो. यंत्र पंधरा-वीस वर्षांनी बदलते, नवे येते, त्याहून नवे येते. भिंतीतली नळी मात्र घर आहे तोवर राहते, आणि ती दिसत नाही. ज्या मंडळींनी ही संस्था काढली त्यांनी अशाच न दिसणाऱ्या नळ्या घालून ठेवल्या, म्हणून आज आपण तोंड उघडले की काम सुरू होते. आपणही पुढच्यांसाठी नळी घालताना फूटपट्टीने सरळ रेघ ओढू नये. सुतळी घेऊन, वळसे मोजत, सर्वांत दूरच्या कोपऱ्यात जो निजला आहे त्याच्या उशापर्यंत ती पोहोचते की नाही, हे पाहावे.

 ज्यांच्याकडे नकाशे आले असतील त्यांनी ते चहाच्या वेळी खुशाल दाखवावेत. सुतळी आम्ही बरोबर आणली आहे.